मी न बोललेलं वाक्य

होम्स परगणा, ओहायो
१२ फेब्रुवारी २०१९

ड्रुसिलास,

तुझी फ्लोरिडाची संत्री पोचली. शेजारच्या बेनच्या पोरांना वाटून टाकली. मी एकही सोललं नाही. संत्र्यांचा काही दोष नव्हता.

इकडे बर्फ अजून कुंपणाच्या निम्म्यापर्यंत आहे. तू आणि एमानुएल तिकडे उन्हात तीनचाकी सायकली फिरवताय, असं कळलं. खुशाल फिरवा. म्हातारपणी हाडांना ऊन हवंच. माझं तुझ्याकडे काम आहे ते वेगळं.

गेल्या पानगळीपासून माझ्या फिट पुन्हा वाढल्या. शेवटी जानेवारीत शेजारच्या इंग्लिश, म्हणजे आपल्या पंथाबाहेरच्या बाईने, डॉनाने, तिच्या मोटारीतून मला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डोक्याला तारा चिकटवल्या, औषध कमी केलं, आणि फिट यायची वाट बघत निजवून ठेवलं. जन्मभर ती येऊ नये म्हणून गोळ्या गिळल्या, आणि इथे सगळे तिची पाहुण्यासारखी वाट बघत बसलेले. फिट आली की यंत्राने माझं हलतं-बोलतं चित्र काढणार होते. माणसाचं चित्र काढून घेणं आपल्यात बसत नाही, म्हणून बिशप मोझेसना विचारावं लागलं. ते म्हणाले, आजारासाठी असेल तर चालेल, भिंतीवर टांगू नकोस म्हणजे झालं.

तिथली डॉक्टरीण लिंडग्रेन म्हणून. पोरगी तरुण आहे, पण घाई नाही तिला. मी तिला म्हटलं, "मी आठवीपर्यंतच शिकलेय, पण पुस्तकं वाचते. मला लपवून सांगू नको."

तिने कागदावर डोकं काढलं. कानाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बोटाएवढा एकेक भाग असतो म्हणे. आज घडलेलं तो धरून ठेवतो आणि हळूहळू, बरंचसं झोपेत, बाकीच्या मेंदूत नेऊन पक्कं करतो. माझा डावीकडचा सुकलाय.

मी म्हटलं, "म्हणजे स्वयंपाकघरातून तळघरात बरण्या नेऊन ठेवणारी बाई लंगडी झाली."

ती म्हणाली, "बाई लंगडी झाली, आणि जिनाही मोडला. फिट ही एका जागची आग नसते, सलोमाबाई. ती ज्या वाटांनी पसरते त्या वाटाच पालटून जातात. काही तुटतात, काही भलत्याच ठिकाणी जोडल्या जातात. फिट नसतानाही आत ठिणग्या उडत राहतात, आणि नेमक्या झोपेत बरण्या फुटतात. उजवी बाजू थोडं काम अंगावर घेते. सगळं नाही जमत तिला."

"आणि फुटली ती बरणी?"

"ती परत मिळत नाही. ती तळघरात कधी पोचलेलीच नसते."

मग तिने मला माझंच चित्र दाखवलं. फिट येऊन गेलीय, मी डोळे उघडून पडलेय. नर्स माझ्यासमोर चमचा धरते आणि विचारते, हे काय? मी बघतेय, ओळखतेय, आणि तोंडातून नुसतं "तं, तं" निघतंय. चमचा हा एक शब्द यायलाच किती वेळ लागला. सरळ वाक्य जमलं तोवर जेवणाची ताटं आली होती. डॉक्टरीण म्हणाली, "तुमची फिट डावीकडची. बोलणं सगळ्यांत शेवटी परत येतं. आधीपासून असंच होतं का?"

मला आई आठवली. ती म्हणायची, फिटनंतर आमची सलोमा वासरासारखी हंबरते, तासभर तिला काही विचारू नका. हे तूही ऐकलंयस. आपण एकाच खाटेवर निजायचो.

म्हणून आता विचारते. मी एकवीस वर्षांची होते. दोन वर्षं एमानुएल रविवारी संध्याकाळच्या पोरापोरींच्या गाण्यांनंतर मला त्याच्या बग्गीतून घरी सोडत होता. आई-बाबा अंत्ययात्रेला इंडियानात गेले होते, घरी आपण दोघीच. त्या संध्याकाळी त्याने मागणी घालायला डीकन ईलायला मध्यस्थ म्हणून पाठवलं, आपल्याकडे पाठवतात तसं, कुणाला न कळवता. आणि डीकन अंगणात शिरायच्या जरा आधी मला मोठी फिट आली. दुसऱ्या दिवशी तू मला सांगितलंस की मी शुद्धीवर आले आणि पडल्यापडल्या डीकनला म्हणाले, "माझ्या आजाराची सावली मी भल्या माणसाच्या घरावर पडू देणार नाही. एमानुएलने ड्रुसिलाला विचारावं. माझा आशीर्वाद आहे."

मला आठवत नव्हतं. पण चांगल्या मुलीने असंच बोलावं, हे पटलं. तू मला माझ्याहून चांगली करून ठेवलंस, आणि चांगलं म्हटलेलं कोण नाकारतं?

ज्या तोंडाला चमचा म्हणता येत नव्हतं, त्याने हे वाक्य कसं म्हटलं, तेवढं सांग.

सलोमा


१ मार्च

ड्रुसिला,

तुझं उत्तर आलं. चार पानं लिहिलीस. तीन पानं फ्लोरिडाच्या हवेची, आणि चौथ्यावर हे: "ताई, नव्या गोळ्यांनी तुझं डोकं भ्रमलंय. तू मला तेव्हाच आशीर्वाद दिलास. दरवर्षी मंडळीच्या सभेत सगळ्यांशी समेट आहे म्हणून सांगितलंस. एकदा मिटलेलं पुन्हा उकरणं आपल्यात पाप आहे, हे तुला मी सांगायचं का?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

मंगळवारी मी डीकन ईलायच्या बायकोकडे गेले. बार्बरा नव्वदीला टेकली, दिसत नाही, पण वाटाणे अजून बोटांनी निवडते. डीकन जाऊन किती वर्षं झाली. मी तिच्याबरोबर वाटाणे निवडायला बसले आणि सरळ विचारलं.

ती म्हणाली, "मध्यस्थाच्या गोष्टी बाहेर काढायच्या नसतात, सलोमा."

"मी बाहेर काढत नाही. मी त्या गोष्टीच्या आतच आहे. मागणी मला घातली होती."

बार्बराने एक किडका वाटाणा चाचपून बाजूला टाकला. मग म्हणाली, "ईलायच्या मनाला ते कायम टोचायचं. म्हणायचा, ज्या मुलीला मागणी घातली तिचं तोंडही मी बघितलं नाही. धाकटी ओसरीवरच आडवी उभी राहिली. म्हणाली, ताई नाही म्हणते, तिने मला सांगायला सांगितलंय. आत जाऊन विचारावं असं त्याच्या मनात आलं. पण आतून कसलातरी आवाज येत होता, जनावर कण्हावं तसा, आणि तो घाबरला."

"तो आवाज माझा होता," मी म्हटलं.

"हो गं बाई. ते मला तेव्हाच समजलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू समेट आहे म्हणायचीस. सगळ्यांदेखत, वर्षातून दोनदा. जिचं गेलं तीच मिटलं म्हणते, तिथे मी कोण?"

बघ, ड्रुसिला. जे नेलंय तेच मला माहीत नव्हतं, त्याची माफी मी कशी दिली? मी समेट आहे म्हणत होते, ते माझ्या तोंडून तू म्हणत होतीस.

ईस्टरच्या आधी दोन रविवार आपली समेटाची सभा आहे. नेहमीसारखं एकेकाला विचारतील, सगळ्यांशी समेट आहे ना? एकानेही नाही म्हटलं तर प्रभुभोजन होत नाही, तेही तुला ठाऊक आहे. यंदा मी नाही म्हणणार आहे. भाकर मोडली जाणार नाही, द्राक्षरस ओतला जाणार नाही, आणि लोक विचारतील, का? मी तुझं नाव सांगेन.

ते नको असेल तर त्याआधी ये आणि खरं काय ते एमानुएलसमोर स्वतःच्या तोंडाने सांग. माझी एवढीच मागणी आहे. या वेळी मध्यस्थ नको.

सलोमा


२० मार्च

ड्रुसिला,

"एमानुएलला यातलं काही कळवू नकोस, त्याचं काळीज फार हळवं आहे." हे वाचून मी चुलीपुढे बसून हसले. गेल्या पानगळीनंतर पहिल्यांदा. हळव्या काळजाच्या माणसाला ऐकायला लागणार, याचंच मला सुख वाटतंय. असं सुख वाटू नये हे मला कळतं. पण वाटतंय खरं. मला कुठे काय झोंबलं, ते आता ऐक.

तुझ्या प्रत्येक बाळंतपणाला मी आले. लंगोट धुतले, पेज केली, तुझी पोरं खांद्यावर निजवली. ती मला मावशीपेक्षा जास्त मानतात, आणि मीही त्यांना. ते मला कुणी काढून घेऊ शकत नाही. पण लग्नाच्या वयाच्या पोरी जमल्या की तू माझ्याकडे बोट दाखवायचीस. "त्याग बघायचा असेल तर आमच्या सलोमाताईकडे बघा." माझा तो त्याग तू धुतलेल्या चादरीसारखा रस्त्याकडेच्या दोरीवर वाळत घालत होतीस, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावा म्हणून. आणि मी खाली मान घालून लाजायचे. लाजायचे गं मी, ड्रुसिला. अभिमानाने.

याहून वाईट सांगू? ते चित्र मला अजून दिसतं. मी निळ्या झग्यात, उशीला टेकून, डीकन दारात टोपी हातात धरून उभा, आणि मी शांतपणे ते वाक्य म्हणतेय. स्वच्छ दिसतं. मी डॉक्टरिणीला म्हटलं, "मग ते घडलंच असणार ना?" ती म्हणाली, "जिथे आठवण नसते ती जागा मन रिकामी ठेवत नाही. ऐकलेली गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की त्या जागी जाऊन बसते. आणि खरीच वाटते." आयत्या बिळावर नागोबा. आपल्या घरात कुणी कधी माणसांचे फोटो लावले नाहीत. एकच फोटो लावला गेला, तो तू माझ्या डोक्यात. आणि तो मला खाली काढता येत नाही.

शाळेत शिकवायला बोलावलं तेव्हा मी नको म्हटलं, आठवतं? जिला स्वतःचंच बोलणं आठवत नाही तिने पोरांना काय शिकवावं, असं वाटलं. घरात काही वाद निघाला की कुणीतरी म्हणायचं, "जाऊ दे, सलोमाला आठवत नसेल." मग मला आठवायचं तेही मी गिळायचे. फिटने माझा थोडा मेंदू नेला. उरलेल्यावरचा भरवसा तू नेलास. फिटला काही कळत नव्हतं, ती तर आजारच. तुला कळत होतं.

सलोमा


८ एप्रिल

ड्रुसिला,

आली नाहीस. गुडघा सुजला म्हणालीस. देव तो बरा करो.

काल सभा झाली. या खेपेला पाळी श्लाबाखांच्या घरची, त्यांच्या कोठारात, बाकं मांडून. प्रवचनं झाली, मग उपदेशक बायकांच्या रांगेत विचारत आले. माझ्या आधीच्या सगळ्या पुटपुटल्या, समेट आहे, समेट आहे. माझ्यापाशी आला. मी म्हटलं, "माझा समेट नाही."

तो पुढे गेला आणि मागे आला. "काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. माझ्या बहिणीशी नाही. ड्रुसिलाशी."

बाळांनी रडणं थांबवलं असं मी म्हणणार नाही, पण बायकांनी बाळांकडे बघणं थांबवलं. कारण विचारलं. मी बसूनच, आवाज न चढवता सांगितलं. ओसरी, डीकन, चमचा, सगळं. बार्बरा मागच्या बाकावर होती, तिने हुंकार भरला.

दुपारच्या जेवणात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. लोणच्याची बरणीही कुणी पुढे सरकवली नाही. बेनची बायको येऊन कुजबुजली, "आत्या, माझ्या बहिणीकडची माणसं इलिनॉयवरून प्रभुभोजनाला येणार होती. आता त्यांना काय कळवू?"

मी म्हटलं, "कळव, भाकर अजून भट्टीत आहे."

संध्याकाळी बिशप मोझेस आले. भला माणूस आहे. खुर्चीवर टोपी ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. म्हणाले, "सलोमा, रागावू नकोस. पण तुझ्या आजारात असं नाही ना होत, की तू तिला मागेच माफ केलंस आणि विसरलीस?"

हेच मला हवं होतं. कुणीतरी हे माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मला आठवतंय असं मी कुठे म्हणतेय? आठवत नाही असं मीच म्हणतेय, जन्मभर म्हणत आलेय. ज्याला आठवतंय त्याने उठून बोलावं. ती फ्लोरिडात आहे."

ते म्हणाले, "संबंध मंडळीला उपाशी ठेवणार?"

"मंडळीला मी जेवायला घातलंय. माझ्या हातचा केक तुम्ही आत्ताच खाल्लात. फक्त खोट्या समेटाचा घास मी देणार नाही."

पाच मेला पुन्हा सभा ठेवलीय. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ड्रुसिला.

सलोमा


१८ एप्रिल

ड्रुसिला,

एमानुएल काल बसने एकटाच आला, हे तुला माहीतच असेल. सरळ माझ्याकडे आला, घोडाही जोडला नाही. मी त्याला पाय हलणारी खुर्ची दिली. कॉफी दिली, साखर दिली नाही.

बिशपांनी तिकडे पाठवलेल्या पत्रावरून तुम्हा दोघांत बोलणं झालं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "म्हणजे आता तुला कळलं तर." इतके आठवडे या क्षणाची मी वाट बघत होते. त्याचा चेहरा कसा पडेल याची मी पावाचं पीठ मळताना, अंथरुणात पडल्यावर, उजळणी करत होते.

त्याने कॉफी ढवळली. साखर नव्हती तरी. म्हणाला, "मला आधीच माहीत होतं."

"कधीपासून?"

"लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात तिने सांगितलं. रडली फार."

"आणि तू?"

"मी काही नाही. बर्फ पडत होतं. दोन गायी व्यायल्या होत्या."

मी कपाखाली सांडलेली कॉफी पुसली. मग तोच म्हणाला, "त्या जुलैत माझ्या बग्गीत तुला फिट आली होती, तुला आठवत नसेल. घोडा बिथरला, चाक चरात गेलं. मी फार घाबरलो, सलोमा. शब्द दिला होता म्हणून डीकनला पाठवला. मोडायची हिंमत नव्हती. तो नकार घेऊन आला तेव्हा मी कोठारात जाऊन देवाचे आभार मानले."

इतकी वर्षं एक गोष्ट मी स्वतःला विचारली नव्हती. दोन वर्षं सोबत फिरवलेल्या मुलीने नाही म्हटलं, तर हा माणूस एकदा येऊन का विचारत नाही? मी समजत होते, माझ्या शब्दाचा मान राखला त्याने.

मी म्हटलं, "कॉफी पी आणि जा, एमानुएल. तुझ्या सुनेने घर झाडून ठेवलंय."

दारात थांबून म्हणाला, "तुझी माफी मागतो."

"सभेत माग. इथे मी एकटीच आहे, आणि मी विसरते."

तो गेल्यावर मी पीठ तसंच टाकून बसले. तू माझा घोडा चोरलास, असं मी धरून चालले होते. घोडा अधू निघाला. म्हणून चोरी ही चोरी व्हायची राहत नाही. उलट आता मला नीट दिसतंय की मला काय परत हवंय. तो नको. तो तुलाच असो, त्याच्या हळव्या काळजासकट. मला माझं न बोलणं परत हवंय. त्या संध्याकाळी मी गप्प होते. कुणाला काही दिलं नव्हतं, काही सोडलं नव्हतं. मी आजारी होते आणि कण्हत होते. ती सलोमा मला परत दे. ती फार भली नसेल, पण माझी आहे.

तू सगळ्यांसमोर एकच वाक्य म्हणायचंस: "सलोमा काही बोलली नव्हती." तोवर मी दर सभेत नाही म्हणेन. वसंतात नाही, पानगळीत नाही. मंडळी मला वाळीत टाकेल तर टाकू दे.

एकदा मी माफ केलं की हा विषय मला आयुष्यात पुन्हा काढता येणार नाही, तो आपला नियमच आहे. म्हणून हे सगळं आधी लिहून तुझ्या पदरात घातलं. वाच, पुन्हा वाच. तुझी स्मृती उत्तम आहे.

सलोमा


२२ मे

ड्रुसिला,

फ्लोरिडाहून परत आलीस, आणि चार शेतं पलीकडे राहून तू नातीच्या हाती चिठ्ठी पाठवलीस, म्हणून मीही तिच्याच हाती देतेय. पोरीला मी बिस्किटं दिली आहेत, वाटेत खाईल.

पाच तारखेला तू उभी राहिलीस आणि बोललीस. एमानुएलही बोलला. तुझा आवाज इतका बारीक होता की बिशपांनी तुला पुन्हा म्हणायला लावलं, आणि तू पुन्हा म्हटलंस. बार्बराने मान हलवली. बिशपांनी मला विचारलं, "सलोमा, तू क्षमा करतेस?"  बाकं करकरली. पोरांना गप्प ठेवायला बायकांनी रुमालातून खाऊ काढला. मग मी म्हटलं, "करते."

गेल्या रविवारी प्रभुभोजन झालं. पाय धुण्याची वेळ आली तेव्हा तू माझ्याशी जोडी लावलीस. मी तुझे पाय धुतले, पुसले, तू माझे धुतलेस, आणि रीतीप्रमाणे आपण एकमेकींचं चुंबन घेतलं. पाणी गार लागलं असेल तर बादली मीच भरली होती.

आता तुझी चिठ्ठी. "ताई, तू मला अगदी मनापासून माफ केलंस ना? मला झोप येत नाही."

नियमाप्रमाणे त्या विषयावर मी एक अक्षर लिहू शकत नाही, आणि लिहिणार नाही. मी काय म्हणाले ते तुझ्यासमोर, सगळ्या मंडळीसमोर म्हणाले. शंका वाटली तर कुणालाही विचार. मी काय बोलले होते ते लोक तुला सांगतील, आणि लोक सांगतील त्यावर तुला विश्वास ठेवावा लागेल. त्याची सवय होते. मला झाली होती.

ते म्हणताना माझ्या मनात काय होतं, ते मात्र एकट्या मला ठाऊक आहे. आणि ते मला अगदी नीट आठवतंय.

बागेतला पालक उत्तम आलाय. हवं तर नातीला टोपली घेऊन पाठव.

तुझी बहीण,
सलोमा